एक जूनची माणसं

आमच्या नौपाड्यातल्या बिल्डिंगमध्ये सात म्हातारी माणसं आहेत आणि त्यातल्या पाच जणांचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळेत नाव घालायला नेलं की हेडमास्तर पोराकडे एकदा बघायचे, वयात बसेल असं साल धरायचे आणि त्याच्यामागे १ जून ठोकून द्यायचे. माझी आई गणपती गेल्यावर चौथ्या दिवशी जन्मली. आधारवर मात्र १ जून.

डॉक्टरांच्या लाकडी खणात पिवळी कार्डं होती, तोवर याचं काही अडलं नाही. "दुसरा मजला, डावीकडच्या" एवढ्यावर कंपाउंडर कार्ड काढायचा.

मग गेल्या वर्षी हॉस्पिटलच्या काउंटरवर मुलीने विचारलं, "आजी, तुमची आभा आहे का?"

"नाही गं, मला हा एकच मुलगा."

आभा म्हणजे आरोग्य खात्याचा चौदा आकडी नंबर. ही योजना देशभर सुरू झाली २०२१च्या सप्टेंबरात; आमच्या घरी पोचायला तिला वेळ लागला. कल्पना चांगलीच आहे. कुठल्याही दवाखान्यातले रिपोर्ट एका जागी, आणि तेही आपण संमती दिली तरच दुसऱ्या डॉक्टरला दिसणार. आईचा नंबर निघालाही. पण जुने कागद जोडताना संगणक नाव, लिंग, जन्मवर्ष आणि मोबाइल ताडून बघतो. आईचं पित्ताशय निघालं ते माहेरी गेली असताना. अर्ज भरला मामाने. नाव घातलं माहेरचं, कुसुम. साल घातलं खरं. मोबाइल स्वतःचा. आमच्याकडे ती सुनंदा. चारातलं फक्त लिंग जुळलं.

"म्हणजे माझं पित्त परत आलं का?" आईने काळजीने विचारलं.

ही बातमी जिन्यातून वर जाईपर्यंत मी तज्ज्ञ झालो होतो. संध्याकाळी समोरच्या काकू आल्या. त्यांचं आधार मुलाच्या नंबराला जोडलेलं, मुलगा बंगळुरूला, आणि ओटीपी आला की हा नेमका मीटिंगमध्ये. तिसऱ्या खेपेला त्याने आकडे सांगितले ते काकूंनी वरच्या अप्पांना ओरडून सांगितले, अप्पांनी मला. अख्ख्या वाडीला कळलेला आकडा गुप्त कसा, हे विचारायला मला सवड नव्हती. पुढे संपर्कासाठी कुठला मोबाइल, असं ॲपने विचारल्यावर काकू म्हणाल्या, "तुझाच घाल रे. तू घरीच असतोस." (मी घरून काम करतो. हा फरक आमच्या जिन्यात मान्य नाही.) मग अप्पांनी तेच केलं. मग सगळ्यांनीच.

आता माझ्या फोनवर सात जणांचं आरोग्य नांदतं. अप्पांचं क्रिएटिनिन मला त्यांच्या आधी कळतं. गोखले रोडला भाजी घेताना फोन वाजला की पिशवी खाली ठेवून मी कुणाचं तरी थायरॉइड वाचतो.

यंदा १ जूनला सकाळी हॉस्पिटलचे पाच मेसेज ओळीने आले: वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. मी वाचून दाखवले. आईला इतकं हसू आलं की तिने शिरा टाकला, साजूक तुपातला, केळं घालून, आणि पाचही उत्सवमूर्ती आमच्या हॉलमध्ये जमल्या.

काकूंनी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली. त्यांच्या तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा आदल्या रात्रीच माझ्या फोनवर आला होता. मी आईकडे बघितलं, काकूंनी माझ्याकडे.

"काही आलंय का रे माझं?"

"नाही काकू," मी म्हणालो, "नेटवर्क नाही."