आधी शिस्त, मग घर? एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

अडचणीत सापडलेल्या कुटुंबांना मदत कशी करावी, याविषयीचा एक संदेश सध्या मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जातो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: गरिबाच्या हातात पैसा दिला की तो व्यसनात जातो, आयते मिळू लागले की माणूस काम सोडतो, या कुटुंबांना पैशांची नव्हे, तर पैसा सांभाळण्याच्या शिक्षणाची गरज असते, ज्यांचे घर गेले त्यांना आधी शिस्त लावावी, घर मागाहून द्यावे, आणि याहून अधिक काही करणे समाजाला परवडणारे नाही. ही विधाने चटकन पटतात, कारण प्रत्येकाला त्यांना साजेसे एखादे तरी उदाहरण ठाऊक असते. मात्र यांतील बहुतेक विधाने गेल्या काही दशकांत प्रत्यक्ष तपासली गेली आहेत, आणि तीही बऱ्याचदा कुटुंबांची निवड सोडतीने करून, एका गटाला मदत देऊन आणि तशाच दुसऱ्या गटाशी तुलना करून. म्हणून येथे उदाहरणाला उदाहरणाने उत्तर देण्याचे कारण नाही.

व्यसनाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा यांनी निरनिराळ्या खंडांतील रोख मदतीविषयीचे १९ अभ्यास एकत्र तपासले आणि २०१७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरील खर्च वाढतो, असे त्यांना आढळले नाही; उलट सरासरीने तो किंचित घटलेला दिसला. कॅनडातील व्हँकुव्हर येथे ५० बेघर व्यक्तींना प्रत्येकी ७,५०० कॅनेडियन डॉलर एकरकमी, विनाअट देण्यात आले, तेव्हाही व्यसनावरील खर्च वाढला नाही. त्या प्रयोगात गंभीर व्यसनाधीन व्यक्तींना मुळातच घेतलेले नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण संदेशाचा रोख तर सरसकट सर्वांवर आहे.

काम सोडण्याविषयीचे विधान इतके पोकळ नाही. अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिको, होंडुरास, निकाराग्वा, मोरोक्को, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स या सहा देशांतील सात प्रयोगांची आकडेवारी नव्याने तपासली, तेव्हा रोख मदतीमुळे माणसे काम कमी करतात, असा पुरावा मिळाला नाही. याच्या विरुद्ध, अमेरिकेतील टेक्सास आणि इलिनॉय राज्यांत १,००० व्यक्तींना तीन वर्षे दरमहा १,००० डॉलर देण्यात आले, त्या प्रयोगाचे २०२४ मध्ये आलेले निष्कर्ष सांगतात की मदत मिळालेल्यांचे काम आठवड्याला सुमारे सव्वा तासाने घटले. म्हणजे रक्कम मोठी आणि दीर्घकाळ असेल, तर थोडा परिणाम होऊ शकतो. परंतु आठवड्यातून सव्वा तास कमी काम करणे आणि काम सोडून घरी बसणे यांना एकच नाव देता येणार नाही. शिवाय हा वेळ कोणाचा, तेही पाहावे लागते. १९७० च्या दशकात कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात किमान उत्पन्नाच्या हमीचा प्रयोग झाला. तेथील डॉफिन या गावाच्या नोंदी एव्हलिन फोर्जेट यांनी पुढे तपासल्या, तेव्हा किशोरवयीन मुले शाळेत अधिक काळ टिकल्याचे आणि रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण ८.५ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. मुलगा कामाऐवजी वर्गात बसला, तर त्याला आळस म्हणायचे की नाही, हे संदेश लिहिणाऱ्याने ठरवावे.

शिक्षणाचा मुद्दा सर्वांत सभ्य भाषेत मांडला जातो, आणि माझ्या मते तोच सर्वांत अन्यायकारक आहे. बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिका येथील अडीचशेहून अधिक गरीब कुटुंबांच्या पैशाच्या व्यवहारांची वर्षभर, दर पंधरवड्याला नोंद ठेवण्यात आली होती. उसनवारी, बचतगट, दुकानातील उधारी, दुसऱ्याकडे जपायला दिलेली रक्कम अशा मार्गांपैकी किमान चार मार्ग न वापरणारे एकही कुटुंब त्यात सापडले नाही. ज्याच्या खात्यात ठरल्या तारखेला पगार जमा होतो, त्याला वर्षभरात याच्या निम्मीही कसरत करावी लागत नाही.

अडचण असते ती वेगळीच. या कुटुंबांचे उत्पन्न कमी तर असतेच, पण ते अनियमितही असते. भाडे, हप्ते आणि शुल्क मात्र ठरल्या तारखेला द्यावे लागते. कामाचे आठ दिवस बुडाले की भाडे थकते, थकले की दंड बसतो, दंड भरण्यासाठी चढ्या व्याजाने कर्ज घ्यावे लागते, आणि त्या व्याजापायी पुढच्या महिन्याचे भाडे आधीच अपुरे पडलेले असते. या साखळीत नेमक्या कोणत्या कडीपाशी अंदाजपत्रकाचा धडा उपयोगी पडणार? सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात ते याच अर्थाने. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २०१ अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या संशोधनानुसार, लोकांच्या आर्थिक वर्तनातील फरकांपैकी जेमतेम ०.१ टक्का भाग अशा शिक्षणाने स्पष्ट होतो, आणि अल्प उत्पन्न गटात परिणाम आणखी क्षीण असतो. नंतर ७६ प्रयोगांवर आधारलेला २०२२ चा आढावा अधिक अनुकूल आहे, त्यामुळे असे वर्ग निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. पैशाच्या जागी वर्ग ठेवण्याला माझा विरोध आहे.

आता घराविषयी. कुटुंबांपुरते बोलायचे तर या प्रश्नाचे सर्वांत थेट उत्तर अमेरिकेच्या गृहनिर्माण विभागाने करवून घेतलेल्या अभ्यासात मिळते. त्यात १२ ठिकाणच्या निवाऱ्यांतील २,२८२ कुटुंबांना सोडतीने वेगवेगळ्या गटांत विभागले गेले. एका गटाला भाड्यासाठी दीर्घकालीन अनुदान मिळण्यात प्राधान्य होते. दुसऱ्या गटाला तात्पुरते घर आणि त्यासोबत समुपदेशन, प्रशिक्षण, देखरेख अशा भरगच्च सेवा होत्या, म्हणजे संदेशाला हवी असलेली ‘आधी तयारी, मग घर’ ही व्यवस्था. तीन वर्षांनंतर, निवाऱ्यांच्या नेहमीच्या व्यवस्थेवरच राहिलेल्या कुटुंबांच्या तुलनेत, अनुदानाच्या गटात पुन्हा बेघर होण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले होते. इतकेच नव्हे, तर पालकांचा मानसिक ताण आणि जोडीदाराकडून होणारी हिंसा कमी झाली, आणि मुलांना शाळाही कमी वेळा बदलाव्या लागल्या. तयारी करून घेणाऱ्या व्यवस्थेत कुटुंबाच्या स्वास्थ्यावर असा परिणाम दिसला नाही. ज्या सुधारणेची अट घालून घर अडवून धरले जाते, ती सुधारणा घर मिळाल्यावर बऱ्याच अंशी आपोआप घडते, असाच याचा अर्थ मी लावतो.

एकट्या, मानसिक आजार असलेल्या बेघर व्यक्तींबाबतही चित्र फारसे वेगळे नाही. कॅनडातील पाच शहरांत २००९ पासून दोन हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या प्रयोगात, अखेरच्या सहा महिन्यांत विनाअट घर मिळालेल्यांपैकी ६२ टक्के लोक पूर्ण काळ घरात राहिले. नेहमीच्या सेवांवर अवलंबून असलेल्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते. व्यसनाच्या बाबतीत मात्र दोन्ही गटांत मोठा फरक पडला नाही. घर हे सर्व दुखण्यांवरचे औषध नाही, हे मान्य आहे. पण व्यसन सुटेपर्यंत घर रोखून धरल्याने व्यसन सुटते, असेही कोठे दिसलेले नाही. फिनलंडने २००८ पासून सामूहिक निवाऱ्यांच्या जागी भाडेकरार असलेली स्वतंत्र घरे देण्याचे धोरण राबवले; १९८७ मध्ये सुमारे १८,००० असलेली तेथील बेघरांची संख्या २०२३ मध्ये साडेतीन हजारांच्या आत आली होती.

राहिला परवडण्याचा प्रश्न. वर सांगितलेल्या अमेरिकी अभ्यासात तीन वर्षांचा हिशेब केला, तेव्हा दीर्घकालीन अनुदानाचा खर्च नेहमीच्या व्यवस्थेपेक्षा सुमारे ९ टक्क्यांनीच अधिक भरला, कारण निवारे आणि तात्पुरती घरे चालवण्यासाठीही पैसा लागतोच. तो फक्त दिसत नाही. शिवाय मदत जितकी आधी पोहोचेल तितकी ती स्वस्त पडते. शिकागोमध्ये भाडे थकलेल्यांनी मदतीसाठी दूरध्वनी केल्यावर त्या दिवशी निधी शिल्लक असेल तरच एकरकमी साहाय्य मिळत असे, त्यामुळे मदत मिळणे बऱ्याच अंशी योगायोगावर ठरे. ज्यांना निधी असलेल्या दिवशी फोन लागला, त्यांची पुढील सहा महिन्यांत निवाऱ्यात जाण्याची शक्यता ७६ टक्क्यांनी कमी निघाली. अर्थात निधी नसलेल्या दिवशी फोन केलेल्यांपैकीही शंभरांतले दोनच निवाऱ्यात गेले होते, म्हणून हा निधी कोणाला द्यायचा याची निवड अधिक नेमकी करावी लागेल. ती कशी करायची, यावर खरोखर वाद घालण्यासारखा आहे.