‘संस्थेने फक्त शिकवावे’ या संदेशातले दावे एकेक करून

अमेरिकेतल्या शैक्षणिक स्वयंसेवी संस्थांना उद्देशून एक संदेश फिरतो आहे. आशय असा: तुमचे काम शिकवण्याचे, वंशवादाविरुद्ध बोलणे हे राजकारण आहे, त्याने करसवलत जाईल, तुम्ही सगळ्या मुलांना सारखेच वागवता, मग प्रश्नच उरत नाही, आणि वंशानुसार आकडे काढले की नसलेली फूट पडते.

‘करसवलत जाईल.’ अमेरिकी करकायद्याच्या कलम ५०१(सी)(३) खालच्या, म्हणजे करसवलत मिळालेल्या, संस्थेला निवडणुकीतल्या उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करायला पूर्ण बंदी आहे. एखाद्या प्रश्नावर भूमिका घ्यायला नाही. विधेयकांसाठी लॉबिंगही, म्हणजे लोकप्रतिनिधींकडे पाठपुरावाही, मर्यादेत चालतो. करखात्याचा फॉर्म ५७६८ भरून खर्चाची कसोटी (लॉबिंग मर्यादेत आहे का, हे त्यावरच्या खर्चाने मोजणे) स्वीकारली, तर वार्षिक खर्चाच्या पहिल्या ५ लाख डॉलरवर २० टक्के, म्हणजे १ लाख डॉलर, लॉबिंगवर खर्च करता येतात. त्यातला जास्तीत जास्त चौथा हिस्सा जनतेला आवाहन करण्यावर. अडचण येते ती लॉबिंगवर गेलेला कर्मचाऱ्यांचा वेळ नोंदवलेला नसतो तेव्हा, किंवा ऐन निवडणुकीत निवेदनात उमेदवाराचे नाव येते तेव्हा. आणि करसवलत गेल्याचा गाजलेला खटला नेमका उलट्या बाजूचा आहे. विद्यार्थ्यांच्या आंतरवंशीय प्रेमसंबंधांना बंदी घालणाऱ्या बॉब जोन्स विद्यापीठाची सवलत काढून घेणे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये योग्य ठरवले. शाळा चालवणाऱ्या खासगी संस्थेने तर वंशभेद न करण्याचे धोरण जाहीर करावे, ही सवलतीची अटच आहे.

‘आम्ही सगळ्यांना सारखेच वागवतो.’ हा दावा सर्वांत मनापासून केला जातो, म्हणून त्याच्यापाशी जास्त थांबायला हवे. फ्लॉरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत प्रज्ञावान मुलांच्या वर्गासाठी शिक्षक किंवा पालक नाव सुचवत, मग चाचणी होई. नियम सगळ्यांना एकच होता. २००५ च्या सुमारास दुसरीच्या प्रत्येक मुलाची प्राथमिक चाचणी सुरू झाली आणि निवडीचा निकष तोच ठेवूनही कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि गरीब मुलांचे प्रमाण खूप वाढले. ही मुले आधीही तितकीच हुशार होती. त्यांचे नाव कोणी सुचवत नव्हते. २०१० मध्ये पैशाअभावी सरसकट चाचणी बंद पडली आणि दरी पुन्हा पहिल्याइतकी झाली. तुमच्या शिष्यवृत्तीला किंवा जादा वर्गाला मुले ‘शिक्षकांच्या शिफारशीने’ येत असतील, तर गळती तिथेच आहे. शिफारशीची अट काढून टाका, सगळ्यांना अर्ज द्या, तोही घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेत.

शिक्षेचेही तेच. २०१३-१४ मध्ये सरकारी शाळांत कृष्णवर्णीय विद्यार्थी १५.५ टक्के होते, निलंबित झालेल्यांत मात्र सुमारे ३९ टक्के. शाळा गरीब वस्तीतली असो वा सधन, ही तफावत दिसली, असे संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ च्या अहवालात नोंदवले. ‘उद्धटपणा’, ‘बेशिस्त’ असे शब्द नोंदीत आले की निर्णय पाहणाऱ्याच्या मनावर सोपवला जातो. म्हणून नोंदीत विशेषण नको: मूल नेमके काय बोलले, काय केले, किती वाजता, आधी काय घडले, कोणी पाहिले, एवढेच लिहा. वर्गाबाहेर काढण्यापूर्वी दुसऱ्या माणसाने ती नोंद वाचावी.

‘आकडे काढले की फूट पडते.’ फूट आधीच पडलेली असते, आकडे ती दाखवतात. तीन याद्या पुरतात: अर्ज केलेले, निवडलेले, मधेच सोडून गेलेले. दर सत्राला त्या गटवार मांडा. एका गटाचे अर्ज भरपूर आणि निवड कमी, तर दोष निवडीत. निवड ठीक पण गळती जास्त, तर दोष वर्गात. दहापेक्षा कमी मुलांचा गट असेल तर आकडा बाहेर देऊ नका, मूल ओळखू येते. आकडे वंशानुसार पाहायचे, जागा मात्र वंश पाहून द्यायची नाही. केंद्राचा निधी घेणाऱ्यांना १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सहावे प्रकरण वंशावरून भेदभाव करायला मनाई करते.

‘तुमचे काम शिकवण्याचे.’ बरोबर आहे, आणि वंशावरून टोमणे ऐकणारे मूल त्या वर्गात शिकू शकत नाही. नुसते निवेदन काढून मात्र हे काम होत नाही. बहुतेक ठिकाणी तक्रार वर्गप्रमुखाकडे जाते, आणि तक्रार त्याच्याचबद्दल असेल तर तिथेच मुरते. तिचा दुसरा मार्ग थेट विश्वस्त मंडळाच्या एका नेमलेल्या सदस्यापर्यंत हवा, पोच दोन दिवसांत मिळावी, आणि चौकशी संपेपर्यंत वर्ग बदलायची वेळ तक्रार करणाऱ्या मुलावर येऊ नये.