स्टीलच्या चमच्याने कॅव्हिआर कळकत नाही

माझ्या आतेभावाने दुबईहून येताना कॅव्हिआरची, म्हणजे माशाच्या खारवलेल्या अंड्यांची, 30 ग्रॅमची डबी आणली. डबी उघडली तोच वहिनीने मोबाइल पुढे केला. सगळीकडे फिरणारा तोच मेसेज: ‘कॅव्हिआरला धातू लागला की चव तत्क्षणी बिघडते. स्टीलही चालत नाही. राजघराण्यांत म्हणूनच मोतीशिंपल्याचा चमचा वापरत. तो नसेल तर खाऊच नका.’ झालं, घरभर चमच्यांचा शोध सुरू.

‘धातू लागला की चव बिघडते.’ कुठला धातू? ग्यानबाची मेख इथेच आहे. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, हे आपल्याकडे आजीच्या पिढीपासून ठाऊक आहे. पण म्हणून कोणी स्टीलच्या डब्यात ताक ठेवायचं सोडलेलं नाही. ‘धातू’ नावाचा एकच एक पदार्थ नसतो.

कॅव्हिआर म्हणजे स्टर्जन माशाची मीठ लावलेली गाबोळी. तिच्याशी खरं वाकडं आहे ते चांदीचं. अंड्यातल्या प्रथिनांत गंधक असतं आणि चांदीची गंधकाशी लगेच गट्टी जमते. पटत नसेल तर बाळाच्या उष्टावणाचा चांदीचा चमचा उकडलेल्या अंड्याच्या गरम बलकात थोडा वेळ खुपसून ठेवा. आधी पिवळट, मग तपकिरी डाग दिसेल. तो सिल्व्हर सल्फाइडचा थर. (नंतर घासायला तुम्हालाच लागेल, आईला सांगू नका.) कॅव्हिआर कच्चं आणि थंड असल्यामुळे तिथे हे सावकाश घडतं, तरी चांदी टाळा म्हणणाऱ्यांचं बरोबर आहे. तांबं-पितळही नकोच.

स्टेनलेस स्टीलची गोष्ट वेगळी. त्यात किमान 10.5 टक्के क्रोमियम असतं. हवा लागली की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो, ओरखडा पडला तर पुन्हा धरतो. डबीतून तोंडापर्यंतच्या चार-पाच सेकंदांत त्यातून चव बिघडवण्याइतकं काही सुटत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये झोई लॉफलिन आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या धातूंचे चमचे लोकांना नुसते चाखायला दिले होते. तांबं आणि जस्त सगळ्यांत कडवट, धातूची चव देणारं ठरलं. सोनं आणि क्रोम सगळ्यांत सौम्य. स्टीलच्या अंगावरचा थर याच क्रोमियमचा.

‘राजघराण्यांत म्हणूनच…’ अहो, त्या काळी श्रीमंताच्या टेबलावर चमचा म्हणजे चांदीचा. शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्लीने गंज न धरणारं पोलाद बनवलं 1913 साली, आणि घराघरांत त्याचे काटे-चमचे पोचले त्याच्याही नंतर. नियम चांदीला लक्षात घेऊन झाला. चांदी गेली, नियम राहिला आणि सगळ्या धातूंवर शेकला.

गंमत म्हणजे कॅव्हिआर तयार होतं तिथे स्टीलच स्टील. गाबोळी जाळीवर हलक्या हाताने फिरवून दाणे सुटे करायचे, धुवायचे, निथळायचे, मीठ कालवायचं. आजच्या कारखान्यात जाळी, भांडी, टेबल सगळं स्टेनलेसचं. आमच्या बाजूचे काही लोक ‘डबीच पत्र्याची असते, मग चमच्याचं काय घेऊन बसलात’ असंही म्हणतात. तो युक्तिवाद मात्र लंगडा आहे. डबीला आतून लेप असतो, दाणे उघड्या पत्र्याला लागतच नाहीत.

मोतीशिंपल्याचा चमचा वाईट आहे असं नाही. गुळगुळीत, गोल काठाचा, दिसायला देखणा. पण तो मुळात कॅल्शियम कार्बोनेट, त्यामुळे लिंबू लागलं की झिजतो, आणि डिशवॉशरमध्ये तर घालायचाच नाही. शिंग, हाड, लाकूड, काच, अगदी प्लॅस्टिकही तेच काम करतं. सोन्याचा असेल तर प्रश्नच मिटला. आणि चव पारखणारे जाणकार पुष्कळदा चमचाच घेत नाहीत. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या खळग्यात चिमूटभर कॅव्हिआर ठेवून चाटतात.

‘धातूने दाणे फुटतात’ ही या मेसेजची शेपटी. फुटतात, पण काठ पातळ असला आणि डबीच्या कडेला दाबून खरवडलं तर. दोष काठाचा आणि हाताचा. मी स्टीलचा गोल तोंडाचा छोटा चमचा घेतो आणि वरून खाली, दाणे न चिरडता उचलतो.

आमच्याकडे त्या दिवशी शेवटी आइस्क्रीमच्या कपाबरोबर आलेला चपटा लाकडी चमचा सापडला. तोवर पाऊण तास गेला होता. मे महिना, डबी उघडी, खाली बर्फ नाही, वर पंखा. टपोरे, सुटे दाणे एकमेकांना चिकटले होते आणि डबीच्या कडेला तेलाची रेघ दिसत होती. वहिनी एक घास घेऊन म्हणाली, “बघा, लाकडाचासुद्धा वास लागतो याला.”