‘१५ हजारांत जुन्या पिकअपला एसी’: त्या मेसेजमधलं एकेक वाक्य तपासूया

जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये आणि गॅरेजवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून भंगारातल्या छोट्या कारचा अख्खा एसी सेट उचला. बॅटरी चार्ज करणारा जुना डायनॅमो आहे तोच पुरतो. कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरपुढे तारेने आवळा. व्हॅक्यूम पंप कशाला, गॅसनेच पाइपांतली हवा ढकलून काढा आणि गॅस दिसणाऱ्या छोट्या काचेतले बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. गॅस महाग वाटला तर स्वयंपाकाचा भरा, गारवा जास्त मिळतो. इंजिन तापलं तर थर्मोस्टॅट (इंजिनातल्या पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडणारा वॉल्व्ह) काढून टाका. १५ हजारांत, एका दिवसात काम फत्ते.

जुन्या पिकअपला एसी बसतो आणि मुंबईच्या मे महिन्यातही चांगला चालतो. पण हा मेसेज नेमका जिथे पैसे घालायला हवेत तिथेच वाचवायला सांगतो.

सगळ्यात आधी स्वयंपाकाचा गॅस, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. एसीची कूलिंग कॉइल डॅशबोर्डखाली, म्हणजे माणसांच्या गुडघ्यांशी असते. पिकअपची केबिन फार तर २ घनमीटर धरा. हवेत साधारण २ टक्के एलपीजी मिसळला की मिश्रण पेट घेऊ शकतं. २ घनमीटरचे २ टक्के म्हणजे ४० लिटर वायू, वजनात ८०-९० ग्रॅम. एसीत त्याच्या तिप्पट तरी भरलेला असतो. कॉइलचा एक सांधा सुटला की बंद केबिनमध्ये एवढा गॅस जमायला वेळ लागत नाही, आणि ब्लोअरच्या मोटरचे कार्बन ब्रश ठिणग्या टाकतच असतात. ‘गारवा जास्त मिळतो’ हे खरं असलं तरी त्याने काही बदलत नाही. हे करू नका, कुणाला करू देऊ नका.

‘डायनॅमो पुरतो.’ बेरीज करून बघा. कॉम्प्रेसर इंजिनाला जोडणाऱ्या मॅग्नेट क्लचला ३ ते ४ अँपिअर, ब्लोअरला फुल स्पीडवर १० ते १५, कंडेन्सरच्या पंख्याला १० च्या आसपास. म्हणजे एसीचेच २५ ते ३० अँपिअर झाले. हेडलाइट, वायपर, इग्निशन वेगळे. त्या काळचा लुकासचा सी-४० डायनॅमो पूर्ण वेगात २२ अँपिअर देतो आणि सायनच्या सिग्नलला गाडी आयडलवर (उभ्या गाडीत इंजिन मंद वेगात) आली की जवळजवळ काहीच देत नाही. तेवढा वेळ एसी बॅटरी खातो. शिवाय गाडी ६ व्होल्टची असेल तर आजचा एकही पंखा किंवा क्लच तिला चालत नाही. शेवरोले १९५५ मध्ये १२ व्होल्टवर गेली, तेव्हा १९५४ पर्यंत शिवडीच्या कारखान्यात जोडल्या गेलेल्या शेवरोले पिकअपला आधी १२ व्होल्टवर आणावंच लागतं.

डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर घ्या, किमान ६५ अँपिअरचा. तो बसवला की डायनॅमोचा चार्ज सांभाळणारा जुना कट-आऊट बाद करायचा. गाडी पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेली) असेल तर बॅटरीच्या केबल आणि इग्निशन कॉइलच्या वायरी उलट जोडायच्या. आणि इथेच सगळ्यात जास्त गाड्या धूर काढतात: डॅशवरच्या अँपिअर मीटरमुळे. जुन्या वायरिंगमध्ये चार्जिंगचा सगळा करंट त्या मीटरमधून जातो. मीटर ३० अँपिअरचा आणि त्याच्या मागच्या नटाखाली ५०-६० वर्षांचा गंज. नवा अल्टरनेटर उतरलेली बॅटरी भरायला लागला की तो नट तापतो, वायरचं कापडी आवरण काळं पडतं, मग जळतं. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत १० चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर फ्यूजसह टाका आणि मीटरला या वाटेतून बाहेर काढा. चार्जिंग बघायचं असेल तर व्होल्टमीटर लावा. ब्लोअर आणि पंख्याला वेगवेगळे रिले, प्रत्येकाला आपला फ्यूज.

भंगारातल्या सेटबद्दल. छोट्या कारच्या कॉम्प्रेसरची पुली बारीक रेघांच्या चपट्या बेल्टची असते. तुमच्या पिकअपच्या क्रँकपुलीला व्ही बेल्ट. नागदेवी स्ट्रीटवर पुली बदलून मिळेलही, पण बाकीचं बदलून मिळत नाही. पाइप काढून महिनोन्‌महिने उघडा पडलेल्या कॉम्प्रेसरच्या तेलाने हवेतला दमटपणा पिऊन घेतलेला असतो, कारण आर-१३४ए या आजच्या एसी गॅसबरोबर वापरायचं पॅग तेल पाणी ओढतं. आधीचा कॉम्प्रेसर घासून फुटलेला असेल तर धातूचा चुरा कंडेन्सरच्या केसासारख्या वाटांत अडकून बसतो. आजच्या कंडेन्सरमधून तो धुऊन निघत नाही. तो चुरा नव्या कॉम्प्रेसरलाही खातो.

सँडेन ५०८ किंवा त्याच मापाचा कॉम्प्रेसर घ्या. एका फेरीत १३८ सीसी, दोन खाचांच्या व्ही पुलीसह मिळतो आणि जुन्या इंजिनांसाठी याचेच ब्रॅकेट जमवले जातात. तेलाचा प्लग वरच्या बाजूला राहिला पाहिजे. क्रँकपुली आणि कॉम्प्रेसरच्या पुलीची रेष १.५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेली नको, नाहीतर बेल्ट रबराची काळी भुकटी टाकत आठवड्यात उलटतो. पहिल्यांदा चालू करण्याआधी क्लचची पुढची थाळी हाताने १० फेरे फिरवा, सिलिंडरमध्ये साचलेलं तेल बाहेर जातं. ड्रायर (गॅसमधला ओलावा टिपणारी डबी) नवाच हवा. त्याची टोपणं सगळी जोडणी झाल्यावर, शेवटी उघडायची. होज बॅरिअर प्रकारची (आत गॅस रोखणारा थर असलेली), ओ-रिंग एचएनबीआर या हिरव्या रबराच्या, तेल लावून. टेफ्लॉन टेप कुठेही नको.

फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) भोक पाडण्यापूर्वी एक थांबा. २०२१ मध्ये केंद्राने आणलेल्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांत गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी हवी आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत, अशी अट आहे. हीटरची जुनी भोकं वापरा, ब्रॅकेट बोल्टचे ठेवा, वेल्डिंग टाळा.

आता ‘तारेने आवळा’ आणि ‘थर्मोस्टॅट काढा’ एकत्र घेऊ, कारण दुसरी चूक पहिलीतूनच जन्मते. मुंबईत ३३-३४ अंशांत नीट बसवलेल्या आर-१३४ए सिस्टिमचं हाय साइड प्रेशर (कॉम्प्रेसरनंतरच्या बाजूचा दाब) २०० ते २३० पीएसआय राहतं, म्हणजे कंडेन्सरमध्ये गॅस ५५ ते ६० अंशांना द्रव होतो. सिग्नलला हवा थांबली की प्रेशर ३०० वर चढतं, तिथे तो आकडा ७० अंशांवर जातो आणि ही सगळी धग रेडिएटरच्या तोंडावर. शिवाय बॉनेटखालची गरम हवा कंडेन्सरच्या कडेने वळून पुन्हा पुढून आत शिरते.

थर्मोस्टॅट काढून यातलं काहीच सुटत नाही. कमी पडतेय ती हवा. ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासची (रेडिएटर टाळणारी) वाट बंद करतो, तिथे तो काढल्यावर गरम पाणी रेडिएटरला टाळून परत इंजिनात फिरतं, म्हणजे उलट नुकसान. आणि रिकाम्या रस्त्यावर इंजिन थंडच चालतं, तेलात गाळ साठतो. त्याऐवजी कंडेन्सर रेडिएटरपासून ६ ते १२ मिलिमीटरवर, रबरी बुशवर बसवा. समुद्राच्या हवेत ॲल्युमिनियम थेट लोखंडाला टेकलं की सांध्याशी पांढरी पूड धरतं आणि तिथूनच गळती सुरू होते. दोन्ही जाळ्यांच्या मधली कडेची फट फोमने बंद करा. इंजिनाच्या पंख्याभोवती श्राउड (हवा वळवणारं कडं) हवाच, तो नसेल तर पंखा जाळीच्या मधल्या गोलातूनच हवा ओढतो. रेडिएटर आतून साफ करून घ्या. पण जुन्या तांब्याच्या रेडिएटरला आजच्या कारची १३-१५ पीएसआयची कॅप लावू नका. तो ४ किंवा ७ पीएसआयसाठी झाळलेला असतो, झाळलेल्या सांध्यांतून फाटेल. कॉम्प्रेसर ३ ते ५ अश्वशक्ती खातो. जीपच्या हरिकेनसारख्या ७०-७५ अश्वशक्तीच्या इंजिनाला आयडलवर ते जाणवतं, म्हणून कार्ब्युरेटरला आयडल वाढवणारा सोलेनॉइड (विजेवर सरकणारी छोटी दांडी) लावा.

‘व्हॅक्यूमची गरज नाही’ हे वाक्य मुंबईसाठी तर खासच चुकीचं. पावसाळ्यात उघड्या पाइपात जाते ती नुसती हवा नसते, तिच्यासोबत पाणी जातं. गॅसने ढकलून हवेचा काही भाग निघेल, भिंतींना आणि तेलाला धरलेलं पाणी निघत नाही. मग लक्षण ठरलेलं: १५-२० मिनिटं छान गार, अचानक गरम हवा, एसी बंद ठेवला की पुन्हा गार. कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या एक्स्पान्शन वॉल्व्हच्या बारीक छिद्रात थेंब गोठतो, वितळतो, परत गोठतो. लोक वॉल्व्ह बदलत बसतात. उरलेल्या हवेमुळे हाय साइड विनाकारण चढलेली राहते ती वेगळीच. पंप ४५ मिनिटं चालवा. आपण समुद्रसपाटीला आहोत, व्हॅक्यूम गेजचा काटा पाऱ्याच्या २९ इंचांच्या पुढे जायलाच हवा. मग पंपाकडचा वॉल्व्ह बंद करून अर्धा तास बघा. काटा जागचा हलला तर गळती किंवा पाणी आहे, गॅस भरायचा नाही.

बुडबुड्यांचा हिशेब आर-१२ या जुन्या एसी गॅसच्या काळातला. तो गॅस मॉन्ट्रिअल करारानुसार भारतात २०१० पासून बंद आहे. आर-१३४ए पॅग तेलामुळे काचेत पांढुरका दिसू शकतो. बुडबुडे मोजणारा हमखास जास्त भरतो. वजनकाटा वापरा: अशा सेटला ७०० ते ८०० ग्रॅम पुरतात. लो साइड (कॉइलकडचा दाब) ३० ते ४० पीएसआय. २८ च्या खाली कॉइल शून्य अंशांच्या खाली जाते आणि दमट हवेत बर्फ धरते, म्हणून एसीच्या थर्मोस्टॅटचा (हा इंजिनाचा नव्हे) प्रोब कॉइलच्या पात्यांत रुतवलेला हवा. ड्रायरवर प्रेशर स्विच हवाच, पंखा बंद पडला तर होज फुटण्याआधी तो क्लचचा करंट तोडतो.

केबिनच्या भोकांबद्दल मेसेज चकार शब्द काढत नाही, आणि मुंबईत निम्मा एसी तिथेच वाया जातो. क्लच-ब्रेकच्या पेडलभोवतीच्या फटी, काउलवरचं (काचेपुढच्या पत्र्यावरचं) हवेचं झाकण, दारांचं कुजलेलं रबर, या सगळ्यांतून दमट हवा येत राहते आणि कॉइलची ताकद पाणी गाळण्यातच खर्च होते. पेडलला रबरी बूट, काउलला नवं सील, छताला आणि फायरवॉलला बंद पेशींचा नायट्राइल फोम लावा. ज्यूट किंवा स्पंज पाणी धरतो, पत्रा आतून सडतो. कॉइलमधून तासाला लिटरभर पाणी सहज निघतं, तेव्हा ड्रेनची नळी सरळ उताराने खाली सोडा आणि तिचं तोंड सायलेन्सरपासून दूर ठेवा. नळी वर वळली की पहिल्याच वळणाला पाणी शेजारी बसलेल्याच्या पायावर येतं.