‘बनियन, हाफ पँट आणि चप्पल पुरे’ म्हणणाऱ्यांना उत्तर

जलतरण तलाव साफ करणाऱ्यांच्या कपड्यांवर एक मजकूर सध्या भरपूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ज्या पाण्यात लहान मुलं डुंबतात, ते साफ करायला कसला आलाय संरक्षक पोशाख? हाफ पँट, बनियन, रबरी चप्पल, फार तर नाकाला रुमाल आणि डोळ्यांवर उन्हाचा गॉगल. बाकी सगळं सामान विकणाऱ्यांचं फॅड, आणि उन्हात ते घालून माणूस उकडून निघतो. सूर खेळकर आहे, म्हणून लोक तो पुढे ढकलतात. त्यातला शेवटचा, उकाड्याचा मुद्दा खरा आहे. बाकीचे एकेक करून बघू.

‘मुलं पोहतात तेच पाणी.’ तलावाच्या पाण्यात क्लोरीन साधारणपणे लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम ठेवतात, हे बरोबर. पण साफ करणाऱ्याचा हात पाण्याआधी कॅनला लागतो. लिक्विड क्लोरीन म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, सहसा १० ते १२ टक्क्यांचं. म्हणजे लिटरमध्ये लाखभर मिलिग्रॅम. कुठे तीन आणि कुठे एक लाख! शिवाय त्याचा पीएच १२ ते १३, त्यामुळे कातडीवर ते कॉस्टिकसारखं चावतं. पीएच खाली आणायला वापरतात ते हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड ३० टक्क्यांच्या आसपास असतं आणि झाकण उघडताच धूर सोडतं. दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइटची धूळ घामेजल्या मानेवर बसली की तिथेच काम सुरू करते. कपडे ठरवताना बघायचं ते कॅनवरच्या लेबलकडे. निळंशार पाणी बघून काहीच कळत नाही.

रुमालाचा सल्ला मला सगळ्यात धोकादायक वाटतो, कारण त्याने माणूस निर्धास्त होतो. क्लोरीन हा वायू आहे. कापडातून तो आरपार जातो, मग कापड कोरडं असो की ओलं. एन-९५ मास्क धूळ अडवतो, त्यामुळे पावडर काढताना त्याचा थोडा उपयोग होतो, पण वायूपुढे तोही कुचकामी. वायूसाठी आम्ल-वायूचं कार्ट्रिज, म्हणजे असे वायू गाळणारी डबी, लावलेला नाक-तोंड झाकणारा रबरी हाफ मास्क लागतो, आणि तो चेहऱ्याला घट्ट बसावा लागतो. दाढी वाढलेली असेल तर कडेने हवा शिरते आणि मास्क असून नसल्यासारखा. कार्ट्रिजला मुदत असते, तीही कोणी बघत नाही.

हा वायू येतो कुठून? बहुतेक वेळा हलगर्जीतून. अ‍ॅसिड मोजलेल्या मगनेच लिक्विड क्लोरीन घेतलं, दोन्हींची गळती एकाच खळग्यात साचली, किंवा पाण्याचा प्रवाह थांबलेला असताना केमिकल मोजून सोडणारे डोसिंग पंप चालूच राहिले, की दोघांची गाठ पडते आणि क्लोरीन सुटतो. तो हवेच्या जवळजवळ अडीच पट जड असल्याने खाली साचतो. पंप रूम बऱ्याचदा जमिनीखाली असते आणि माणूस तिथे वाकून, बसून काम करतो. एकदा वायू भरला की हाफ मास्क घालूनही आत जायचं नाही. बाहेर पडायचं, वारा जिकडून येतो त्या बाजूला जायचं आणि अग्निशमन दलाला बोलवायचं.

उन्हाचा गॉगल बाजूने आणि खालून उघडा असतो, आणि ओतताना शिंतोडा नेमका खालूनच येतो. केमिकलच्या कामाला चारही बाजूंनी बसणारा, आच्छादित छिद्रांचा गॉगल हवा. चष्मा असेल तर त्याच्यावरून. थेंब डोळ्यात गेलाच तर किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवून डॉक्टर गाठायचा. उन्हाच्या गॉगलला मी नावं ठेवत नाही. पोलराइज्ड काच पाण्यावरची चमक कापते आणि तळातली घाण दिसते. पण ते जाळी मारतानाचं साधन.

हातमोजे नायट्राइल, निओप्रीन किंवा पीव्हीसीचे, कोपरापर्यंतचे. सुती आणि चामडी मोजे द्रव शोषून कातडीला चिकटवून ठेवतात, त्यापेक्षा उघडा हात तरी लगेच धुता येतो. उंच भिंतीला अ‍ॅसिड लावताना हात वर असतात, तेव्हा मोज्याची कड बाहेर दुमडावी, नाहीतर ओघळ सरळ बाहीत.

चपलेबद्दल फार बोलायला नको. शेवाळलेल्या फरशीवर ती घसरते आणि अ‍ॅसिड ओघळलं की पाय उघडाच. रिकाम्या तलावाला अ‍ॅसिड मारताना आणि पंप रूममध्ये गमबूट, पँट बुटाच्या बाहेरून. भरलेल्या तलावाच्या काठावर मात्र पकड असलेले बंद बूट बरे. पाण्यात पडल्यावर भरलेल्या गमबुटाने पाय मारणं आणि बाहेर येणं जड जातं.

बनियन तर दोन्हीकडून वाया. सुती कापड अ‍ॅसिडने विरतं, डाग धुतल्यावर तिथे भोक पडतं. पॉलिस्टर त्यामानाने तग धरतं. ओला पांढरा सुती शर्ट ऊनही फारसं अडवत नाही; यूपीएफ ५० चं पूर्ण बाह्यांचं कापड अतिनील किरणांचा पन्नासावा भागच आत सोडतं. त्यावर रुंद काठाची टोपी.

आता उकाडा. दिवसभर एप्रन, गमबूट आणि मास्क घालून पानं काढत बसलं तर ऊन लागणारच, इथे मजकूर लिहिणाऱ्याशी भांडण नाही. पण तसं करायला कोण सांगतंय? जाळी, ब्रश, व्हॅक्यूम हे सगळं हलक्या कपड्यांत करावं. जड पोशाख केमिकल मोजताना, ओतताना आणि डब्यांची हलवाहलव करताना, तेवढ्यापुरताच. उतरवताना मोजे हातात असतानाच धुवायचे, मग एप्रन, आणि गॉगल शेवटी, स्वच्छ हातांनी. अ‍ॅसिडचा एप्रन आणि क्लोरीन सांडलेला शर्ट एकाच बादलीत भिजत टाकायचे नाहीत. तिथेही तोच वायू सुटतो.