द्राक्षबागेसह फ्रेंच इस्टेट विकत घेण्याबद्दल खुलासा

‘फ्रान्समध्ये वाडा, द्राक्षबागा आणि शेतजमीन असलेली इस्टेट विक्रीला आहे, पैसे भरा, मालक व्हा, उरलेल्या रानात हव्या तेवढ्या वेली लावा, शिवाय तिथे राहायचा परवानाही मिळेल,’ असा मजकूर फिरतो आहे. त्यात खरं एवढंच की परदेशी माणसाला तिथे शेतजमीन घेता येते.

मालक आणि गिऱ्हाईक यांचं जमलं की झालं, असं मात्र नाही. शेतजमीन विकायची तर नोटरीला, म्हणजे तिथे खरेदीखत करणाऱ्या अधिकाऱ्याला, शेतजमिनीच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या ‘साफेर’ या संस्थेला कळवावं लागतं. १९६० च्या कायद्याने आलेल्या या व्यवस्थेला अग्रखरेदीचा, म्हणजे इतरांआधी विकत घेण्याचा, हक्क आहे. दोन महिन्यांत ती ठरलेला सौदा स्वतःकडे घेऊ शकते, आणि भाव अवाजवी वाटला तर कमी किंमतही देऊ करते. तेव्हा विकणाऱ्याने ती मान्य करावी, जमीन विक्रीतून काढून घ्यावी किंवा कोर्टात जावं. जमीन शेतकऱ्यांच्या हाती राहावी हा त्यामागचा हेतू. फोटोतल्या वाड्याला भुललेल्यांना हे कुणी सांगत नाही!

वेलींचंही तसंच. गव्हाचं रान दिसलं म्हणून त्यात वाईनची द्राक्षं लावता येत नाहीत. युरोपीय संघात २०१६ पासून नव्या लागवडीला परवानगी लागते, आणि एका वर्षातली वाढ साधारणपणे देशाच्या एकूण द्राक्षक्षेत्राच्या १ टक्क्यापर्यंतच मर्यादित असते. परवानगी मिळाली तरी कामाचं पीक तिसऱ्या वर्षाच्या सुमाराला.

राहण्याचा परवाना? घर-जमीन घेतली म्हणून फ्रान्स तो देत नाही.