'मेन गेट बंद असताना नेलं' या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

रिव्ह्यू वाचला. स्कॉटलंडमधल्या ट्रॅक्वेअर या जुन्या घराची सहल मनासारखी झाली नाही, आई-बाबांचा हिरमोड झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. एक तारा दिलात, तो तुमचा हक्क. पण "मेन गेटला कुलूप, गाइडला पत्ताच नाही, बाजूच्या वाटेने आत नेलं" असं जे लिहिलंत, ते लोक वाचताहेत, आणि ते मला फार लागलं.

ताई, ते गेट १७४५ पासून बंद आहे.

खांबांवरच्या ज्या दगडी अस्वलांसमोर तुम्ही सगळ्यांनी फोटो काढले, तेच हे 'बेअर गेट्स'. बांधलं १७३८ च्या सुमारास, म्हणजे आपल्या शनिवारवाड्याहून थोडंसंच धाकटं. स्ट्युअर्ट घराण्याची गेलेली ब्रिटनची गादी परत मिळवायला राजपुत्र चार्ल्स एडवर्ड फौज घेऊन निघाला, तेव्हा तो इथे येऊन गेला. त्याला निरोप देऊन घराच्या तेव्हाच्या मालकाने, म्हणजे ट्रॅक्वेअरच्या पाचव्या अर्लने (सरदाराने), गेट लावून घेतलं आणि शब्द दिला, की स्ट्युअर्ट राजा गादीवर बसेपर्यंत उघडायचं नाही. तिथे हे असंच सांगतात. पुढच्या एप्रिलमध्ये कलोडनच्या लढाईत त्या फौजेचा धुव्वा उडाला. गादी मिळाली नाही, गेट उघडलं नाही. खुद्द घरमालकही बाजूच्याच रस्त्याने येतात-जातात. गेटपासून घरापर्यंतच्या मूळ वाटेवर आता नुसतं गवत आहे, तिथून मी मिनीबस कशी काढणार? हे सगळं मी वाटेतलं पीबल्स गाव यायच्या आधी गाडीत सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा फोनवर होतात. त्याबद्दल तक्रार नाही, घरचा फोन घ्यावाच लागतो.

दुसरं, "महाल सांगून साधं पांढरं घर दाखवलं." आमचं माहितीपत्रक मी पुन्हा काढून वाचलं, त्यात महाल हा शब्द कुठेही नाही. शिकारीला येणाऱ्या स्कॉटिश राजांचं हे मुक्कामाचं ठिकाण. ११०७ पासूनचा इतिहास, २७ राजे-राण्या इथे येऊन गेल्या, आणि सलग वस्ती असलेलं स्कॉटलंडमधलं सर्वांत जुनं घर म्हणून ते ओळखलं जातं. खिडक्या लहान-मोठ्या, एका ओळीत नाहीत, कारण घर पिढ्यानपिढ्या थोडं थोडं वाढत गेलं, आणि सतराव्या शतकानंतर बाहेरून फारसं काही बदललंच नाही. चकचकीत हवं असेल तर दुसरी घरं आहेत, तिथेही आम्ही नेतो. इथे १५६६ मध्ये स्कॉटलंडची राणी मेरी आपल्या तान्ह्या मुलाला, जेम्सला घेऊन आली होती. त्याच्या पाळण्यापाशी तुमच्या आई किती वेळ उभ्या होत्या! कॅथलिक पूजेला बंदी असताना पाद्री ज्या वरच्या खोलीत लपून राहायचा, तिथला चोरजिना तुमच्या मुलांनी चारचौघांत ओरडून एकमेकांना दाखवला. यातलं काहीच रिव्ह्यूत नाही.

ब्रुअरी "उगाच दाखवली" म्हणता. ती घराचाच भाग आहे. अठराव्या शतकातली, बंद पडलेली, विसाव्या लेअर्डने (घरमालकाने) १९६५ मध्ये पुन्हा सुरू केली. आजही बिअर ओकच्या पिंपांत आंबवतात. कोणाला प्यायला लावली नाही. बाबांनी मात्र आवडीने प्रश्न विचारले.

आता वेळेचं. नऊला निघायचं ठरलं होतं, एडिनबराहून तासाभराची वाट. नाश्ता आटोपून मंडळी खाली आली तेव्हा दहा वाजून गेले होते. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून मी चकार शब्द काढला नाही. पण तो तास कुठून तरी जाणारच. तो मुलांच्या भूलभुलैयातून गेला. त्याचे पैसे परत मागता, पण भूलभुलैयाचं वेगळं तिकीट आम्ही घेतलेलंच नाही.

शाकाहारी जेवणाचं बघतो, डबा सोबत नेता येईल का ते विचारतोय. गेटबद्दलही बुकिंगच्या मेसेजमध्ये काहीतरी घालू.

आमची एकच गाडी आहे, ताई. उन्हाळ्याचे चार महिने चालतात, त्यावर वर्ष काढायचं असतं, आणि आपले लोक बुकिंगआधी हेच रिव्ह्यू वाचतात. तारे वाढवा असं म्हणत नाही. फक्त "बंद असताना नेलं" एवढं वाक्य बदललंत तर उपकार होतील.